जुन्या गाडीचा कार्बोरेटर खोलण्याआधी हे तपासा : मारुती ८००, पद्मिनी, अॅम्बॅसिडरवाल्यांसाठी क्रमवार माहिती

उज्जैन, प्रतिनिधी :

एप्रिल-मे आला की महाकालच्या दर्शनाला जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येणाऱ्या गाड्या वाढतात. त्यात जुन्या पेट्रोल गाड्याही असतात. कुणाची वडिलांच्या काळातली मारुती ८००, कुणाची हौसेने सांभाळलेली पद्मिनी. उज्जैनमधल्या जुन्या मराठी घरांतही अशी एखादी गाडी अजून दारात उभी दिसते. या गाड्या बंद पडल्या की पहिलं नाव निघतं ते कार्बोरेटरचं. ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आला’ असं सांगून तो खोलला जातो, साफ होतो, नवीन किट पडतं, आणि गाडी चार दिवसांनी पुन्हा तिथेच उभी. पैसे गेले, दोष तसाच.

कारण सरळ आहे. कार्बोरेटरचा म्हणून जो त्रास सांगितला जातो, त्यातला बराचसा कार्बोरेटरच्या बाहेर असतो. पेट्रोल वर येत नसतं, स्पार्क कमजोर असतो, नाहीतर कुठूनतरी हवा ओढली जात असते. म्हणून कार्बोरेटर सगळ्यात शेवटी खोलायचा. आधी काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने, ते खाली दिलं आहे. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. उज्जैनचा सिंहस्थ उन्हाळ्यातच येतो, मागचा २२ एप्रिल ते २१ मे २०१६ असा होता. तेव्हा जुनी गाडी घेऊन यायचा विचार असेल तर ही तयारी आतापासून उपयोगी पडेल.

कोणत्या गाड्यांना हे लागू

मारुती ८०० (७९६ सीसी, तीन सिलिंडर) डिसेंबर १९८३ मध्ये आली. २००० च्या सुमारास तिला इंजेक्शनचं इंजिन मिळालं. त्याआधीची ८००, तशीच जुनी ओम्नी आणि जिप्सी या कार्बोरेटरच्या गाड्या. प्रीमियर पद्मिनी (१०८९ सीसी) मुंबईत कुर्ल्याला बनायची. अॅम्बॅसिडरचं जुनं पेट्रोल इंजिन १४८९ सीसीचं. प्रत्येकीचा कार्बोरेटर वेगळा, पण काम एकच. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल जेटमधून ओढलं जातं. इथे सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. हवामान बदललं, पेट्रोल बदललं, तरी हा बिचारा स्वतःहून काही बदलत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हात लावण्याआधी

पेट्रोलचं काम आहे. इंजिन थंड, जागा मोकळी, बिडी-सिगारेट लांब. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, चाचणीसाठी लागेल तेवढीच जोडा. पावडरचा अग्निशामक हाताशी हवा. पाण्याने पेट्रोलची आग विझत नाही, पसरते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो.

एक सवय सोडायलाच हवी. गाडी चालू होत नाही म्हणून एअर क्लीनर काढून वरून पेट्रोल ओततात आणि सेल्फ मारतात. बॅकफायर झाला की जाळ सरळ वर येतो. बोनेटमधल्या आगी अशाच लागतात. तोंडाने पाइप ओढून पेट्रोल काढणंही बंद करा.

पहिली तपासणी : पेट्रोल वर येतं का

कॉइलला जाणारी बारीक वायर काढा म्हणजे स्पार्क पडणार नाही. पंपाकडून कार्बोरेटरला येणारा पाइप काढून त्याचं तोंड पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत धरा. दुसऱ्याला काही सेकंद सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल ठोक्या-ठोक्याने जोरात यायला हवं.

येत नसेल किंवा रडतखडत येत असेल तर कार्बोरेटरचा दोष नाही. मग या क्रमाने बघा : फिल्टर तुंबला आहे का, टाकीकडून येणाऱ्या पाइपाला चीर आहे का, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद आहे का. झाकण सैल करताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच पेट्रोल यायला लागलं तर दोष झाकणाचा. हे सगळं ठीक असेल तर पंपाचा डायफ्राम गेला असं समजा.

डायफ्राम फाटल्यावर पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरू शकतं. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल, ऑइलची पातळी वाढलेली असेल, तर गाडी चालवू नका. ऑइल पातळ होऊन बेअरिंग खातं. शंभर-दोनशेच्या कामाचं इंजिनाचं काम होऊन बसतं.

बाटलीतलं पेट्रोल दहा मिनिटं तसंच ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. गंजाचे कण दिसले तर कार्बोरेटर कितीही वेळा साफ करा, टाकी धुतल्याशिवाय उपयोग नाही.

दुसरी तपासणी : स्पार्क

सगळे प्लग काढून ओळीने ठेवा, कोणता कुठला ते विसरू नका. प्लगचं तोंडच बरंच सांगून जातं.

– फिकट तपकिरी : सगळं ठीक.
– कोरडी काळी काजळी : रिच, म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी.
– पांढरट, भाजल्यासारखं : लीन, म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी.
– पेट्रोलने ओला : ओव्हरफ्लो तरी, नाहीतर स्पार्कच पडत नाही.
– तेलकट काळा : ऑइल वर येतंय, कार्बोरेटरचा संबंध नाही.

एकच प्लग वेगळा आणि बाकी सारखे असतील तर कार्बोरेटरवर संशय घेऊ नका. कार्बोरेटर सगळ्या सिलिंडरना एकच मिश्रण देतो. तिथे त्या प्लगची वायर, डिस्ट्रिब्युटरची कॅप किंवा व्हॉल्व्ह बघायचा. मारुती ८०० च्या प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो. पॉइंटवाल्या गाडीत पॉइंट काळे पडलेत का, कंडेन्सर ठीक आहे का तेही बघा. पॉइंट झिजले की टाइमिंग हलतं आणि गाडी पिकअप सोडते. लक्षण अगदी कार्बोरेटरसारखंच.

गॅस किट लावलेल्या गाड्यांना एक सोपी युक्ती आहे. उज्जैन-इंदूरकडे सीएनजी सहज मिळतो, त्यामुळे अशा जुन्या गाड्याही आहेत. गाडी गॅसवर मस्त आणि पेट्रोलवर मिसिंग, तर दोष पेट्रोलच्या बाजूला. दोन्हीवर सारखीच मिसिंग, तर स्पार्क किंवा इंजिन बघा. कारण प्लग, कॉइल, डिस्ट्रिब्युटर दोन्हीला एकच असतात. आणि गॅसवरच महिनोन् महिने गाडी चालवली तर फ्लोट चेंबर कोरडा पडतो, पॅकिंग आकसतात, जेटमध्ये डिंकासारखा थर बसतो. आठवड्यातून थोडा वेळ तरी पेट्रोलवर चालवावी.

तिसरी तपासणी : हवा कुठून ओढते

आयडल वर-खाली होतो, स्क्रू कितीही फिरवला तरी बसत नाही, पाय काढला की सायलेन्सरमधून फट् फट् आवाज येतो, तेव्हा आधी व्हॅक्यूमचे पाइप बघा. गाडी आयडलला ठेवून एकेक रबरी पाइप चिमट्याने दाबा. एखादा दाबल्यावर आयडल लगेच बदलून स्थिर झाला तर हवा त्याच लाइनीत शिरते आहे. ब्रेक बूस्टर असेल तर त्याचा जाड पाइपही बघा.

मग कार्बोरेटरच्या खालचं पॅकिंग. तिथे साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडा. थेंब आत ओढले गेले तर पॅकिंग गेलं. काही ठिकाणी चालू गरम इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर शिंपडून ही चाचणी करतात. करू नका, मॅनिफोल्ड आणि सायलेन्सरचा पाइप शेजारीच तापलेला असतो. आणि नट एका बाजूने करकचून आवळू नका. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, नाहीतर बेस वाकतो आणि मग कोणतंच पॅकिंग टिकत नाही.

आता कार्बोरेटर : लक्षणावरून दोष

वरच्या तिन्ही गोष्टी ठीक निघाल्या तरच इथे या.

सकाळी थंड गाडी चालू होत नाही : एअर क्लीनरचं झाकण काढून चोक ओढा. वरची झडप पूर्ण बंद झाली पाहिजे. होत नसेल तर केबल सैल आहे. मग इंजिन बंद ठेवून अॅक्सिलरेटरची दांडी ओढा आणि गळ्यात बघा. पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. धार नाही, म्हणजे फ्लोट चेंबर रिकामा तरी किंवा अॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम गेला. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे, कधीही करता येते.

रेस दिली की चालते, पाय काढला की बंद : आयडल जेट तुंबला. सोलेनॉइड असलेल्या कार्बोरेटरवर चावी फिरवल्यावर ‘टिक्’ आवाज येतो का ते ऐका. आवाज नसेल तर आधी त्याची वायर बघा. मिश्रणाचा स्क्रू लावायचा तर इंजिन पूर्ण गरम आणि चोक उघडा हवा. आधीचा स्क्रू किती फेरे होता ते मोजून लिहून ठेवा. स्क्रू आत घट्ट दाबू नका, टोक दबलं की ट्युनिंग कधीच बसत नाही.

पिकअप घेताना दम खाते : अॅक्सिलरेटर पंप. तो ठीक असेल तर टाइमिंग.

गावात ठीक, हायवेवर जोर लावला की झटके : मेन जेट, फिल्टर किंवा फ्लोटची पातळी कमी. मारुतीच्या कार्बोरेटरला फ्लोट चेंबरवर काचेची छोटी खिडकी असते. पेट्रोल त्या गोल खुणेच्या मध्याजवळ दिसलं पाहिजे. ही खिडकी पुसून बघायला पैसे पडत नाहीत.

काळा धूर, पेट्रोलचा वास, अॅव्हरेज पडला : चोक अर्धवट अडकलाय का, एअर क्लीनर मातीने भरलाय का हे आधी. मग नीडल व्हॉल्व्ह आणि फ्लोट. फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर तो भोकाचा आहे, बुडतो आणि पेट्रोल थांबवत नाही. कार्बोरेटरच्या बाहेरून पेट्रोल ठिबकत असेल तर गाडी तिथेच थांबवा, घरापर्यंत नेऊ असं म्हणू नका.

एस. यू. कार्बोरेटर असलेल्या अॅम्बॅसिडरची गोष्ट थोडी वेगळी. त्यात वरच्या घुमटात पिस्टन असतो आणि त्याच्या दांड्यात थोडं तेल. तेल आटलं की पिकअपला गाडी दचकते. पिस्टन बोटाने उचलून सोडा, ‘टक्’ आवाज करत खाली बसला पाहिजे.

उन्हात बंद पडली तर : वाफ की कॉइल?

धुळ्याकडून येताना बिजासन घाट, मग खलघाटला नर्मदा ओलांडून मानपूरकडे चढ. जळगावकडून बऱ्हाणपूर-खंडवा मार्गे येणाऱ्यांना इंदूरच्या अलीकडे भेरू घाट. दुपारची वेळ, ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ, आणि गाडी खोकून बंद. अर्ध्या तासाने आपोआप चालू. याला सगळे ‘पेट्रोल गरम झालं’ म्हणतात. म्हणजे पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ढकलत बसतो.

पण गरम झाल्यावर मरणारी आणि थंड झाल्यावर जगणारी आणखी एक वस्तू आहे, ती म्हणजे इग्निशन कॉइल. लक्षण अगदी हुबेहूब. फरक करायचा तर गाडी बंद पडल्या पडल्या, थंड होण्याआधी, गळ्यात बघून अॅक्सिलरेटर ओढा. धार उडत नसेल तर पेट्रोलची अडचण. धार उडते आणि तरी गाडी घेत नाही, तर स्पार्क बघा. ही एक चाचणी केली नाही म्हणून पंपही बदलला, कार्बोरेटरही बदलला आणि दोष कॉइलचा, असं होऊन बसतं.

वाफ असेल तर गाडी सावलीत लावा, बोनेट उघडा, पंपावर ओला फडका ठेवा. फडका पंपावर आणि पाइपावर, तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी नाही. कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलचा पाइप इंजिनापासून लांब नेणं, पंपाखालचा जाड स्पेसर जागेवर आहे का बघणं, आणि रेडिएटर-पंखा ठीक ठेवणं.

दुसरा प्रकार पार्किंगमधला. गाडी गरम उभी केली, दर्शन करून आलो, आता घेत नाही, पेट्रोलचा वास येतोय. इथे फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून आत सांडलेलं असतं. पाय सारखा पंप करू नका, आणखी पेट्रोल पडतं. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरा आणि दहा सेकंदांपर्यंत सेल्फ मारा. चालू झाली की हळूहळू सोडा.

नवं पेट्रोल, जुना कार्बोरेटर

फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशात पंपांवर यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. या गाड्या ते बघून बनवलेल्या नाहीत. तीन गोष्टी होतात.

एक, मिश्रण लीन होतं. साध्या पेट्रोलला एका किलोमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, या पेट्रोलला साधारण १३.५. इंजेक्शनची गाडी स्वतः जुळवून घेते, कार्बोरेटर नाही. म्हणून जुन्या सेटिंगवर गाडी थंडीत उशिरा पकडते, पिकअप कमी वाटतो.

दोन, जुने रबर फुगतं, चिरतं. पंपाचा डायफ्राम, नीडलचं टोक, पाइप यांना आधी फटका. पेट्रोलचे सगळे पाइप एकदा वाकवून बघा. चीर दिसली की बदला, आणि घेताना इथेनॉलला चालणारा, एसएई ३० आर-९ छापलेला पाइप मागा. गॅस शेगडीचा पाइप लावू नका. आगीचं कारण बहुतेकदा हाच वीस-पंचवीस वर्षांचा वीतभर पाइप असतो.

तीन, इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकीतला जुना थर सोडवतं. म्हणून फिल्टर पहिल्यांदा लवकर बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामा करा.

यात हवामानाचीही गंमत आहे. उज्जैनला डिसेंबरची सकाळ दहा अंशांवर आणि मेची दुपार ४३-४४ वर. मेमधली हवा साधारण दहा टक्क्यांनी पातळ, म्हणजे मिश्रण आपोआप थोडं रिच. थंडीत उलटं : हवा जड, त्यात इथेनॉल, दोन्हींनी मिश्रण लीन. म्हणून मेमध्ये बसवलेलं ट्युनिंग डिसेंबरमध्ये रुसतं. तेव्हा कार्बोरेटर खोलू नका, मिश्रणाचा स्क्रू पाव-अर्धा फेरा फिरवून बघा. खानदेशापेक्षा उज्जैन अडीच-तीनशे मीटर उंच आहे, तेवढ्याने हवा फक्त तीनेक टक्के पातळ होते. उंचीला दोष देण्यात अर्थ नाही.

पीयूसीचा कागद वाचा

पीयूसी काढतो, काचेला लावतो आणि विसरतो. पण त्यावरचे दोन आकडे म्हणजे गाडीचा रक्त तपासणीचा रिपोर्ट आहे. भारत स्टेज-२ च्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम अशी मर्यादा आहे. कार्बन मोनॉक्साइड वाढलं तर गाडी रिच : चोक, फ्लोट, एअर क्लीनर बघा. कार्बन मोनॉक्साइड कमी पण हायड्रोकार्बन जास्त, तर पेट्रोल न जळता बाहेर जातंय : प्लग, वायर किंवा हवा ओढणारा पाइप. ट्युनिंगच्या आधी आणि नंतर असे दोन्ही आकडे घेतले तर काम झालं की नाही हे कानावर अवलंबून राहत नाही. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेव्हाही हा कागद चांगला असलेला बरा.

खोलायचाच असेल तर

आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. कोणता पाइप कुठे, ते टेपने लिहून ठेवा. काम मोठ्या ताटात करा, बारीक स्प्रिंग आणि बॉल उडतात. जेटचे नंबर लिहून घ्या आणि परत तिथेच बसवा. जेटमध्ये तार घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी अॅव्हरेज कायमचा जातो. क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. रबराचे आणि प्लास्टिकचे भाग क्लीनरमध्ये भिजवू नका.

बदलण्याची वेळ कधी? थ्रॉटलचा दांडा बोटाने हलवला आणि बाजूला खटखट हलला, तर तिथून हवा जाते, किट टाकून उपयोग नाही. बेस वाकलेला, आटे गेलेले, तरच दुसरा. आणि जुना मूळ कार्बोरेटर भंगारात देऊ नका. बाजारातल्या स्वस्त डुप्लिकेटपेक्षा बुश मारून घेतलेला मूळ कार्बोरेटर बहुधा जास्त चालतो.

हिशेबाची वही

एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, पॉइंट, पाइप, किट सगळं एका दिवशी बदललं आणि गाडी सुधारली, तर दोष कशात होता ते कळत नाही. बिघडली तरी कळत नाही. एका वहीत तारीख, किलोमीटर, काय बदललं, काय फरक पडला आणि किती खर्च आला एवढं लिहा.

कार्बोरेटरचा कान असलेले मिस्त्री आता थोडे उरलेत. असा माणूस सापडला तर त्याच्याकडे ‘गाडी नीट करा’ एवढंच सांगून जाऊ नका. थंड असताना की गरम असताना, आयडलला की जोरावर, धार उडते की नाही, प्लगचा रंग कोणता, ही चार उत्तरं घेऊन जा. त्याचा अर्धा दिवस वाचेल आणि तुमचे पैसेही. घाटावर निघायच्या आदल्या दिवशी मात्र ट्युनिंगला हात लावू नका. आठ दिवस आधी करा, गावात चालवून बघा, बोनेट उघडून कुठे ओलं दिसतं का तपासा, आणि मगच मोठ्या रस्त्याला लागा.